जुनी रोड सायकल : विकू, बदल करून घेऊ की रिस्टोर करू?

मृण्मयी_
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता घोळ चाललाय म्हणून शेवटी धागाच काढते.
जिन्याखाली एक जुनी रोड सायकल पडून आहे. सेकंडहँड घेतलेली, काही वर्षं मनसोक्त चालवली, मग नोकरी, बदली, मूल वगैरे नेहमीची कारणं आणि सायकल जिन्याखाली. पोलादी फ्रेम आहे, जोडांवर नक्षीदार लग (नळ्या जोडणाऱ्या बाह्या) आहेत, वाकडं हँडल, गिअरच्या दोन्ही काड्या डाउनट्यूबवर (खालच्या तिरक्या नळीवर), पुढे दोन चकत्या मागे सहा. चाकं २७ इंची. सीटट्यूबवरचा (सीटखालच्या उभ्या नळीवरचा) स्टिकर अर्धा उडालाय पण ५३१ एवढं वाचता येतं. क्रोमवर गंजाचे ठिपके, टायरला नुसता हात लावला तरी भुगा पडतो, आणि सीट वरखाली होत नाही, साफ जाम.
घरचे म्हणतात वीक, नाहीतर भंगारात दे, जिना तरी मोकळा होईल. भाऊ म्हणतो गिअर काढून सिंगलस्पीड कर. मला ती नव्यासारखी चकाचक बघायची हौस आहे, पण पाठ आता पूर्वीसारखी वाकत नाही हेही खरंय. वापर म्हणाल तर रोजची जवळपासची ये-जा आणि रविवारी एखादी लांब चक्कर. काय करू?

पिंट्या७
भंगारात देणार असाल तर आधी मला सांगा. दार उघडायच्या आत मी हजर.

निवांत
मी विका म्हणणाऱ्यांतला. अशी सायकल चालती करायची म्हणजे टायर, ट्यूब, केबल, ब्रेकरबर, चेन, सगळे छर्रे, हँडलची टेप, आणि हे सगळं झाल्यावर कळणार की रिमच गेलीये. प्रत्येक वेळी वाटतं की एवढं केलंय तर आता हेही करू. शेवटी हिशोब मांडला की त्यात नवी साधी गिअरची सायकल आली असती, चांगल्या ब्रेकची आणि मान वर ठेवून चालवता येईल अशी. आठवणी फोटोत राहतात, जिन्याखाली नाही.

तेलकट_हात
निवांत, घाई करताय. विकायची, बदलायची की रिस्टोर करायची हे ठरवायच्या आधी फ्रेम जिवंत आहे का ते बघायला हवं, नाहीतर सगळी चर्चा हवेत.
मृण्मयीताई, एक ओलं फडकं आणि टॉर्च घ्या. हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या छोट्या उभ्या नळीला, जिथे वरची आणि खालची नळी येऊन मिळते तिथे, लगच्या थोडं मागे, खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला आडवी सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे आणि नळी दबली आहे. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बाजूने बघा, वरून खाली सरळ येऊन शेवटी पुढे बाक घेतो का, की मधेच मागे सरकल्यासारखा दिसतो. मग बॉटम ब्रॅकेटभोवतीचे, म्हणजे पायडलचा अॅक्सल फिरतो तिथले जोड, आणि मागच्या चाकाचे ड्रॉपआउट, म्हणजे चाक बसतं त्या खाचा. केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडून बघा, रंगाची असेल तर निघते, धातूची असेल तर नख अडकतं.
वरवरचा गंज म्हणजे काही नाही. आतला गंज बघायचा असतो. बॉटम ब्रॅकेट काढलं की खाली लाल पाणी किंवा खपल्या येतात का बघा, कारण सीटट्यूबमधून शिरलेलं पाणी सगळं तिथेच साठतं. तिथे धातू शाबूत असेल तर फ्रेम अजून खूप जगेल.
आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. सायकल तुमच्या मापाची आहे का? आडवी नळी पायांच्या मधे घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहिल्यावर नळीच्या वर थोडी तरी फट राहते का? माप चुकीचं असेल तर मी पण निवांतच्या पार्टीत.

शंकेखोर
५३१ म्हणजे काय? मॉडेल नंबर का?

वाऱ्यावर
नाही, नळ्यांचं नाव. रेनॉल्ड्स ही इंग्लंडची नळ्या बनवणारी कंपनी, तिने १९३५ साली हे पोलाद आणलं, मँगनीज-मॉलिब्डेनमचं. नळीची जाडी दोन्ही टोकांना, म्हणजे जिथे जोड येतो तिथे, जास्त आणि मधे कमी, त्यामुळे वजन कमी होऊन ताकद तशीच राहते. कितीतरी वर्षं रेसच्या सायकली याच्याच असायच्या.
पण स्टिकर नीट वाचा. काही स्टिकरवर लिहिलेलं असतं की फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या आहेत, काहींवर चिमटा आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांसकट सगळ्या. दोन्हींत बराच फरक आहे, विकताना तर नक्कीच. अर्धा स्टिकर उडालाय म्हणता, तर राहिलेला खरवडू नका आणि त्यावर सॉल्व्हंट तर अजिबात लावू नका. एक अंदाज सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या मापावरून येतो. हलक्या दर्जाच्या नळ्यांच्या फ्रेमला बहुतेक वेळा बारीक पोस्ट लागतो, अशा चांगल्या फ्रेमला साधारणपणे २७.२ मिलीमीटर.

मृण्मयी_
@तेलकट_हात, बघितलं सगळं. हेडट्यूबजवळ सुरकुती नाही, चिमटा सरळ. ड्रॉपआउट आडवे आहेत, लांब खाचेचे. माप बरोबर आहे, तेव्हा चालवायचे की! २७.२ आहे का हे बघायला पोस्ट निघायला तर हवा. त्याच्याभोवती पांढरी पावडर जमलीये.

खटपट्या
आडवे ड्रॉपआउट!! ताई, भाऊ बरोबर बोलतोय, सिंगलस्पीड करा. आडव्या खाचेत चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, त्यामुळे वेगळा टेन्शनर लागत नाही. नंतरच्या सायकलींना उभ्या खाचा आल्या, तिथे ही सोय नाही.
दोन्ही डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे), काड्या, केबल, एक चकती एवढं सगळं उतरतं. जुना सहाचा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच, पाय थांबवले तरी चाक फिरू देणारा) आट्यांवर बसलेला असतो, तो काढून त्याच आट्यांवर सिंगल फ्रीव्हील बसतो, हब (चाकाचा मधला भाग) बदलायचीही गरज नाही. फक्त अॅक्सलवरचे वायसर इकडचे तिकडे करून चाक मधे आणायचं आणि आरे थोडे ओढायचे. पुढे ४२ आणि मागे १६ ठेवा, म्हणजे साधारण ७० इंचाचा गिअर, सपाट रस्त्याला एकदम मस्त. देखभाल शून्य, आवाज शून्य.

शंकेखोर
७० इंच कसले?

खटपट्या
पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचा व्यास. ४२ भागिले १६ म्हणजे २.६ च्या वर, गुणिले २७. पूर्वी त्या उंच चाकाच्या सायकली होत्या ना, पायडल थेट पुढच्या चाकालाच, तेवढ्या इंचाचं चाक असतं तर जसं वाटलं असतं तसं. त्या हिशोबाने तुम्ही ७० इंची चाकावर बसलाय.

पिंट्या७
म्हणजे शिडी घेऊन चढायचं. समजलं.

आडवाटेने
खटपट्या, सपाट रस्त्याला मस्त हे ठीक, पण रविवारच्या लांब चकरीत चढ लागला की काय? ७० इंचावर चढ मारायचा म्हणजे सगळा भार गुडघ्यांवर. ताईंची पाठ आधीच बोलतेय, आता गुडघ्यांनाही बोलवायचं का? आणि चढ जमावा म्हणून गिअर हलका केला तर उतारावर पाय नुसते पंख्यासारखे फिरतात.
माझा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. सिंगलस्पीड किंवा फिक्सीची (चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहतं अशा सायकलची) हौस म्हणून लोक डाउनट्यूबवरचे काड्यांचे बॉस (काड्या बसवायच्या खुंट्या) ग्राइंडरने उडवतात, केबलचे स्टॉप कापतात, मागच्या ड्रॉपआउटवरचा डिरेलरचा कान उडवतात, 'लूक क्लीन यावा' म्हणून. वरून पावडर कोटिंग करून लग बुजवून टाकतात. अशी एक फ्रेम विकायला आलेली बघितली, चांगली हाताने बनवलेली, आणि तिचं नुसतं मातेरं केलं होतं. पुढच्या मालकाला परत गिअर लावायचे म्हटले तर? करा काय करायचं ते, पण पान्याने सुटेल आणि पान्यानेच परत बसेल तेवढंच करा. उतरवलेले भाग एका डब्यात घालून ठेवा.

खटपट्या
कापा असं मी कुठे म्हणालो राव? मी पण बोल्टवालाच आहे.

सरळमार्गी
आणि कोणी 'फिक्स्ड करा' म्हणायच्या आधीच सांगतो, साध्या फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड चकती कसून काम भागवू नका. फिक्स्डच्या खऱ्या हबला उलट्या आट्यांची लॉकरिंग असते. साध्या हबला ती नसते, त्यामुळे पायांनी मागे जोर दिला की चकती सुटून येऊ शकते, नेमकी थांबायची गरज असते तेव्हाच. आणि फिक्स्ड असो नसो, पुढचा ब्रेक हवाच हवा.

पिंट्या७
ब्रेक कशाला, ओळखीचे दिसले की थांबतोच आपण.

सायकलवाले_आजोबा
तुम्ही पोरं सगळी गिअर काढायच्या गोष्टी करताय. तिचे सहा गिअर काय वाईट आहेत? त्या काड्या फ्रिक्शनच्या असतील, म्हणजे टकटक आवाज न येणाऱ्या. शिमानो या जपानी कंपनीने १९८४ मध्ये टकटक होणारे इंडेक्सवाले आणले, त्याच्या आधी सगळे असेच चालवायचे. फ्रिक्शनची मजा अशी की मागे काहीही लावा, पाच, सहा, सात, कुठल्याही कंपनीचा, चालतं. काडी थोडी पुढे ढकला, चेन कुरकुरली की जरा मागे घ्या. केबल ताणली गेली तरी फरक पडत नाही. आजकालच्या गाड्यांची अॅडजस्टमेंट अर्ध्या फेऱ्याने हुकली तर गिअर उड्या मारतो.

निवांत
आजोबा, पण त्यासाठी हँडलवरचा हात काढून खाली न्यायचा, तेही गर्दीत. १९९० मध्ये ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर आले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले ते उगाच का?

सायकलवाले_आजोबा
गर्दीत गिअर बदलायचेच नाहीत मुळी. गर्दीच्या आधी बदलायचे.

वाऱ्यावर
हा वाद इथे संपणार नाही, वेगळा धागा काढा :)
चाकांचं कोणी बोललंच नाही अजून. २७ इंच आणि ७००सी ही दोन वेगळी मापं आहेत, दिसायला सारखी असली तरी. २७ च्या रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३० मिलीमीटर, ७००सीचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही, जबरदस्ती करू नका. २७ चे टायर अजून मिळतात पण निवड अगदी थोडी.
७००सीची चाकं घातली तर रिम ४ मिलीमीटर खाली येते, म्हणजे ब्रेकरबरही तेवढे खाली सरकायला हवेत. ब्रेकच्या हाताच्या खाचेत तेवढी जागा आहे का, आत्ताच मोजून बघा. नसेल तर लांब हाताचे, ४७ ते ५७ मिलीमीटर रीचचे (ब्रेकच्या बोल्टपासून रबरपर्यंतच्या अंतराचे) ब्रेक मिळतात. आणि रिम पोलादी आहेत की अॅल्युमिनियमच्या? चुंबक लावून बघा. पोलादी चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक लागता लागत नाही. तशी असेल तर रंगाबिंगाचा विचार नंतर, पहिला खर्च रिमवर.

मृण्मयी_
चुंबक चिकटला. दोन्ही चाकांना. :(
बरं, खाच मोजली. पुढे जागा आहे, मागे अगदी काठावर.

निवांत
म्हटलं नव्हतं?

तेलकट_हात
निवांतराव, थांबा जरा :) फ्रेम चांगली आहे, माप बरोबर आहे. चाकं काय, बदलता येतात. चाकं घेतानाच मागची रुंदी लक्षात घ्या. तुमच्या सहा गिअरच्या फ्रेमला मागे १२६ मिलीमीटर असणार, नंतर ८ गिअरपासून १३० आले. पोलादी फ्रेम असल्याने चार मिलीमीटर रुंदावता येते, दोन्हीकडे दोन दोन, पण समान आणि ड्रॉपआउट परत समांतर करून. हे माहीतगारानेच करायचं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला चुकूनही नाही.
आता त्या सीटपोस्टचं. पांढरी पावडर म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड. पोलादाच्या नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट, मधे घामाचं आणि पावसाचं खारट पाणी, ग्रीस नाही, झालं, दोन धातू एकमेकांना धरून बसतात. लोक काय करतात, ब्लोलँप घेऊन फ्रेम तापवतात. रंग तर जातोच, आणि उपयोगही बेताचा, कारण उष्णता पोस्टपर्यंत पोचली की अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे पोस्ट अजूनच घट्ट. त्यापेक्षा पोस्ट गार करा.
आधी बॉटम ब्रॅकेट काढा, नाहीतरी काढायचंच आहे. सायकल उलटी करा आणि खालून सीटट्यूबमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, वरून नाही, वरून ते आत जातच नाही. काही दिवस रोज थोडं थोडं. सीट क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढून टाका. मग पोस्टचं डोकं भक्कम व्हाइसमध्ये (टेबलाला कसलेल्या पकडीत) धरा आणि पूर्ण फ्रेमच हातात घेऊन हळूहळू फिरवा, फ्रेमच लिव्हर होते. कुईं असा आवाज आला की जिंकलात. मात्र फ्रेम वाकतेय असं वाटलं की थांबा. शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा, तो पोस्ट खाऊन टाकतो आणि पोलादाला काही करत नाही, पण हायड्रोजन निघतो, कातडी भाजते आणि रंग जातो, म्हणून ते घरी करू नका.
हँडलचा स्टेमही (हँडल फ्रेमला जोडणारा भाग) असाच अडकलेला असू शकतो, तोही आत्ताच बघून ठेवा.

रानवाट
उशिरा आले धाग्यावर, पण पाठीबद्दल लिहिते कारण माझीही तीच रड.
वाकडं हँडल काढून सरळ किंवा मागे वळलेलं हँडल लावता येतं, पण ते नुसतं हँडल बदलणं नसतं. रोडच्या हँडलची नळी २३.८ मिलीमीटर जाड, सरळ हँडलची २२.२. त्यामुळे जुन्या ब्रेकच्या लिव्हर त्यावर बसत नाहीत, नव्या लागतात. आणि नव्या घेताना व्ही-ब्रेकच्या घेऊ नका, त्या केबल जास्त ओढतात आणि तुमच्या जुन्या कॅलिपर ब्रेकवर लिव्हर दगडासारखी कडक लागते पण जोर मिळत नाही. दुकानदार 'चालतं हो' म्हणतो, चालत नाही. शिवाय स्टेमची पकड २५.४ ची आहे की २६ ची ते बघून हँडल घ्या, अर्ध्या मिलीमीटरने हँडल फिरतं.
त्यापेक्षा सोपं म्हणजे हँडल तसंच ठेवून जास्त उंचीचा, कमी लांबीचा स्टेम टाकायचा. पाठीचा बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. फक्त स्टेमवरची कमीत कमी आत राहण्याची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. तसंही जुनं अॅल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम खूप वर्षं चाललेलं असेल तर बदललेलंच बरं, ते न सांगता तुटतं.

मृण्मयी_
रानवाट, हे फारच कामाचं. लिव्हरचं मला माहीतच नव्हतं.
आणि रंग? रिस्टोर करायचं तर रंग करावाच लागेल ना?

आडवाटेने
मुळीच नाही! मूळ रंग एकदाच असतो. मूळ रंग, मूळ स्टिकर असलेली खरचटलेली सायकल जाणकाराला नवीन रंगवलेलीपेक्षा जास्त प्रिय असते. नवा रंग द्यायचा म्हणजे सँडब्लास्ट (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढणं), त्यात पातळ नळीवर कोणी जास्त वेळ नोझल धरला तर नळीच खाल्ली जाते, मग स्टिकरच्या नकला शोधा. गंज उतरवा, उघड्या पोलादावर टचअप करा, मेण लावा, बास. क्रोमच्या ठिपक्यांवर अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, तासाभरात ओळखू येणार नाही. क्रोमचा थर मुळापासून उडालाय तिथे मात्र ते चालत नाही, तिथे गंज काढून लाखेचा हात.

वाऱ्यावर
इटलीत १९९७ पासून 'लेरोइका' म्हणून जुन्या सायकलींची राइड होते, तिथे १९८७ च्या आधीच्या रोड सायकलीच चालतात, गिअरच्या काड्या डाउनट्यूबवर, ब्रेकच्या केबल हँडलबाहेरून आणि पायडलला पट्टे. तिथले फोटो बघा, अर्ध्या सायकली खरचटलेल्या आहेत आणि मालक ताठ मानेने उभे आहेत.

पिंट्या७
ताठ मानेने? वाकड्या हँडलवर?

रानवाट
पिंट्या :D

निवांत
बरं, हरलो असं म्हणत नाही, पण एक विचारतो, विकायचीच ठरवली तर कशी विकावी? कारण मृण्मयी यांचा एक पर्याय तोही होता आणि सगळे तिला मेकॅनिक बनवायला निघालेत.

तेलकट_हात
प्रश्न रास्त आहे. विकायची तर आत्ता आहे तशी विकू नका, आणि पूर्ण नवी करूनही नको, रिस्टोरचा खर्च विक्रीत परत येत नाही. मधली अवस्था धरा. स्वच्छ, हवा भरलेली, सीटपोस्ट मोकळा, स्टिकरचा आणि फ्रेमवरच्या नंबरचा स्पष्ट फोटो, ड्रॉपआउटचा फोटो. सुटे भाग करून विकलं तर पैसे कदाचित जास्त मिळतील पण फ्रेम एकटी पडते. म्हणजे विकायची असो वा ठेवायची, पहिलं काम तेच. पोस्ट मोकळा करा.

मृण्मयी_
मंडळी, अपडेट. निघाला पोस्ट!! शेजारच्या वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये, तेलकट_हात यांच्या पद्धतीने, फ्रेम दोघांनी धरून. आवाज एवढा भयंकर आला की वाटलं फ्रेमच फाटली. मोजला, २७.२. बॉटम ब्रॅकेटखाली थोडी लाल पावडर, बाकी धातू कोरा.
तर ठरलं असं. विकत नाही. गिअर ठेवते, आजोबांच्या काड्यांसकट. रंग करत नाही. अॅल्युमिनियमच्या ७००सी रिम, मागे लांब हाताचा ब्रेक आणि उंच स्टेम. हब जुनेच, त्यावर नवी रिम आणि नवे आरे विणून घेणार, म्हणजे १२६ ची रुंदी बदलायलाच नको आणि जुना फ्रीव्हीलही तसाच चालेल. भाऊ नाराज आहे, त्याला एक चकती भेट देते.

खटपट्या
भावाला माझा नमस्कार सांगा. आम्ही दोघे वाट बघू.

तेलकट_हात
छान ठरवलंत. हब जुने ठेवताय तर एक गोष्ट लिहून ठेवा. जुने आरे कापायच्या आधी फ्रीव्हील काढून घ्या. एकदा चाक उकललं की हातात नुसता हब उरतो, आणि मग फ्रीव्हील फिरवायला जोर लावायचा कशाला धरून? प्रत्येक कंपनीचं टूल वेगळं, दोन खाचेचं, चार खाचेचं, आतल्या दात्यांचं, ते आधी जुळवा. टूल जागेवर धरून वरून चाकाच्या नटने हलकं आवळा म्हणजे निसटणार नाही, टूल व्हाइसमध्ये पकडा आणि चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. सुटल्याबरोबर वरचा नट ढिला करा, नाहीतर अॅक्सलवर ताण येतो.

मृण्मयी_
चाकं उद्याच न्यायची होती मेकॅनिककडे! त्याने आरे कापूनच घेतले असते. आता त्याच्या समोर उभी राहून आधी फ्रीव्हील काढून घेते.

शंकेखोर
पायडल पण काढायचे असतील तर डावं उलट्या आट्यांचं असतं ना?

सायकलवाले_आजोबा
हो. दोन्ही बाजूंना पाना वरून सायकलच्या मागच्या बाजूला ढकलला की सुटतं. डावं-उजवं लक्षात ठेवायची गरज नाही.

पिंट्या७
जिना मोकळा झाला म्हणजे. तिथे माझी ठेवता का? तिचाही पोस्ट जाम आहे.